सहाशे बेचाळिसावं कार्ड

सुचलेलं काही हातून निसटलं की वनजाक्षीला जेवण गोड लागत नसे. दळणाच्या रांगेत असो, दवाखान्यात असो, नाहीतर लग्नाच्या मांडवात, डोक्यात काही चमकलं की तिचा हात आधी फोनकडे जायचा. सासऱ्यांच्या तेराव्याला तर तिनं कमाल केली होती. पंगत बसलेली, वाढपी हाका मारताहेत, आणि ही आतल्या खोलीत तांदळाच्या पोत्याला टेकून फोनवर लिहितेय: ‘तेराव्याच्या पंगतीत वडे कमी पाडा. कुणी लपवले ते तीन भागांनंतर उघड करा.’ पुढं ते तीन भाग चांगलेच गाजले. तिचा नवरा गुरुराज आल्यागेल्याला हसत सांगायचा, "आमचे अप्पा गेल्यावरसुद्धा घरासाठी राबले." त्यावर ती लाजायची, पण ते लाजणं वरवरचं. आतून तिला स्वतःचं कौतुकच वाटायचं. खरी लाज काय असते ते तिला अजून ठाऊक व्हायचं होतं.

बंगळुरात रोज संध्याकाळी लागणाऱ्या एका कन्नड मालिकेची ती सहा वर्षं लेखिका होती. आठवड्याला सहा भाग. म्हणजे सहा भांडणं, सहा रडारडी, आणि रोज शेवटी बघणारीचा घास हातातच राहील असं काहीतरी. एवढं आणायचं कुठून? म्हणून मालिकेच्या मंडळींनी फोनमधलं एक ॲप धरलं होतं. लोक त्यात कामांच्या याद्या ठेवतात, यांनी त्यात कल्पना ठेवल्या. ऑफिसात त्याला सगळे ‘फळा’ म्हणत. फळ्यावर चार रकाने होते: सुचलं, वाढवा, लिहा, झालं. ज्याला जे सुचेल त्यानं त्याचं कार्ड करून पहिल्या रकान्यात टाकायचं. सोमवारच्या बैठकीत दिग्दर्शक लोकेश त्यातली चार-पाच उचलणार, एकेकाच्या नावावर करणार, आणि मग त्यानं ती वाढवायची.

कार्ड कसं लिहायचं याचाही नियम होता. तो स्फूर्ती नावाच्या चोवीस वर्षांच्या सहलेखिकेनं घालून दिलेला. ‘सासूला मधुमेह’ एवढंच लिहिलं तर कार्ड तसंच पडून राहतं, असं तिचं म्हणणं. ‘सासूचा मधुमेह पूजेच्या दिवशी उघड करा’ असं काम म्हणून लिहिलं की कुणीतरी ते करतं. वनजाक्षीला हे इतकं पटलं होतं की तिला आता विचारच तसे यायला लागले होते. शेजारच्या म्हातारीचा मुलगा परदेशातून आला नाही असं कळलं की हळहळायच्या आधी तिच्या मनात यायचं, ‘मुलाला येऊ देऊ नका.’

दुसरा एक नियम तिनं स्वतःच भांडून करून घेतला होता. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी तिचं एक कार्ड गुपचूप काढून टाकलं होतं. त्यावर तिनं ऑफिस डोक्यावर घेतलं. तेव्हापासून फळ्यावरचं कार्ड कुणीही काढलं, की काढणाऱ्याच्या नावासकट आणि कार्डावरच्या मजकुरासकट सगळ्यांच्या फोनवर निरोप जाई. या नियमाची तिला भारी घमेंड होती.

कस्तूरी ही गुरुराजची धाकटी बहीण. माहेर धारवाडचं, सासर हुबळीचं. बारा वर्षांपूर्वी नवऱ्याचं घर सोडून बंगळुरात भावाकडे आली आणि इथंच राहिली. नवरा पितो, एवढंच तिनं सांगितलं होतं, आणि तेवढ्यावर सगळ्यांचं समाधान झालं होतं. साड्यांना फॉल लावणं, गोंडे बांधणं अशी कामं ती घरबसल्या करायची. वनजाक्षीला ती धारवाडच्या रीतीनं ‘वैनी’ म्हणायची. वनजाक्षी म्हैसूरकडची, तिच्याकडे ‘अत्तिगे’ म्हणतात, पण या ‘वैनी’त तिला जास्त माया वाटायची. भावापेक्षा या दोघींचंच जास्त जमायचं. दुपारची कॉफी एकाच वेळी, एकाच सोफ्यावर.

मे महिन्यातल्या एका दुपारी फॉल लावता लावता कस्तूरीचे हात थांबले आणि ती एकाएकी रडायला लागली. मग बारा वर्षं जे कुणाला सांगितलं नव्हतं ते तिनं वनजाक्षीला सांगितलं. लग्नाला दोन वर्षं झाली असताना नवऱ्याचा साहेब बायकोला घेऊन जेवायला यायचा होता. नवऱ्याला कस्तूरीची लाज वाटायची. दहावीपर्यंत शिकलेली, रंगानं काळी, बोलणं गावाकडचं. त्यानं तिला मंगळसूत्र पोलक्याच्या आत टाकायला लावलं आणि पाहुण्यांना सांगितलं, बायको माहेरी गेलीय, ही गावाकडून आणलेली स्वयंपाकीण. कस्तूरीनं भाकऱ्या थापल्या, भरली वांगी केली, वाढलं, उष्टी काढली. साहेबाची बायको जेवणावर इतकी खूश झाली की दुसऱ्या दिवशी एकटीच परत आली, आणि आपली एक वापरलेली साडी दारातच कस्तूरीच्या हातावर ठेवली.

"हळदीकुंकू न्हाई, वैनी. घरच्या बाईला लावतात ते. मला जुनी साडी," कस्तूरी म्हणाली होती. "घरात कुणी न्हवतं. खरं सांगायला कुणी अडवलं न्हवतं मला. पण मी साडी घेतली. कपाळाला लावून घेतली. नवऱ्यानं केलं ते केलं, ते मी विसरले असते. पण मी कपाळाला का लावली?"

वनजाक्षीचे डोळे भरून आले होते. "थांब, पाणी आणते," म्हणून ती उठली. स्वयंपाकघरात जाऊन तिनं नळ सोडला आणि नळाच्या आवाजाआड फोन तोंडाजवळ धरला. बटण दाबून बोललं की ॲप ते लिहून घेई. वीस-बावीस सेकंद लागले असतील. मग पाणी घेऊन ती बाहेर आली आणि तासभर कस्तूरीला जवळ घेऊन बसली. तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तो हात खोटा नव्हता. हे इथंच सांगून ठेवायला हवं, कारण पुढं तिचं तिलाच ते पटेना.

त्या आठवड्यात लोकेशच्या डोक्यात अपहरण होतं, त्यामुळं ते कार्ड कुणी उचललं नाही. त्याच्यावर नवी कार्डं पडत गेली आणि वनजाक्षी ते विसरून गेली.

डिसेंबरात मालिकेत धारवाडची एक सासू आली. तिचे संवाद बंगळुरात बसून लिहिलेले, आणि ते कळायचं. उत्तर कर्नाटकातल्या बायका इंटरनेटवर लिहायला लागल्या, ही कुठली भाषा, आमची चेष्टा करताय का. लोकेश हैराण झाला. तेव्हा वनजाक्षीच म्हणाली, "माझी नणंद आहे. तिला द्या, ती दोन दिवसांत तुमच्या सासूला माणसात आणील." तिला मनापासून वाटत होतं की कस्तूरीनं चार भिंतींच्या बाहेर पडावं, तिच्या नावाला किंमत यावी.

कस्तूरीनं चष्मा बदलून घेतला, शंभर पानी वही आणली, केस घट्ट बांधले आणि ऑफिसात जाऊन बसली. पहिल्याच दिवशी तिनं सासूच्या तोंडच्या ओळीतला साखरपाक काढून टाकला. "आमच्याकडं सुनेला असं गोड बोललं तर ती घाबरतीय," ती म्हणाली, आणि सगळे हसले. लोकेशनं तिला फळ्यावर घेतलं. नवीन येणाऱ्याला तो सांगायचा तेच तिलाही सांगितलं, "अम्मा, आधी सगळा फळा वाचा. पहिल्या कार्डापासून. म्हणजे आम्ही काय काय करून बसलोय ते कळेल."

"वाचते की, सर," कस्तूरी म्हणाली.

दुसरा कुणी असता तर वरवर बघून मोकळा झाला असता. अकराशे कार्डं कोण वाचतो! पण कस्तूरीला कुणी पहिल्यांदाच अभ्यास दिला होता. रोज चाळीस कार्डं, क्रमानं, वहीत टिपणं काढत. फोन वाजला की हातातलं टाकून आधी निरोप बघायची, न जाणो ऑफिसातलं काही असेल. सहाव्या दिवशी कॉफी पिता पिता ती खुदकन हसली.

"वैनी, हे वड्यांचं कार्ड अप्पांच्या तेराव्याचं न्हव? तरीच मी म्हणत होते, त्या दिवशी तुम्ही तांदळाच्या पोत्याशी काय करत होता!"

वनजाक्षीही हसली. आणि हसता हसता थांबली. मे महिना आठवला. नळ आठवला. ती उठून न्हाणीघरात गेली, कडी लावली आणि फळ्यावर शोधलं. सहाशे बेचाळिसावं कार्ड. ‘नवऱ्याने जिला स्वयंपाकीण म्हणून पुढं केलं त्या बायकोला साहेबाच्या बायकोकडून जुनी साडी द्यायला लावा. ती साडी कपाळाला लावून घेते असं दाखवा.’ खाली तिचं नाव. खाली तारीख आणि वेळ. त्याच्याही खाली आवाजाची एक बारीक पट्टी. बोललेलं लिहून घेतल्यावर ॲप मूळ आवाजही सांभाळून ठेवतं हे तिनं कधी मनावरच घेतलं नव्हतं.

तो आवाज ऐकायचं धाडस तिला झालं नाही.

कस्तूरी अजून दोनशेच्या पुढं नुकतीच सरकली होती. दिवसाला चाळीस, म्हणजे अकरा दिवस हाताशी होते. सरळ माणसानं त्याच दिवशी जाऊन सांगितलं असतं, बाई गं, माझ्याकडून असं झालंय, मला जोड्यानं मार. वनजाक्षीनं अकरा दिवस वकिली केली. मी ते वापरलं तर नाही ना? कुणाचं नाव तर लिहिलं नाही ना? लेखक माणूस टिपणारच. मग सुतारानं लाकूड बघू नये का? असलं सगळं ती आंघोळ करताना, भाजी चिरताना स्वतःला सांगायची, आणि कस्तूरी समोर आली की तिच्याकडे बघायचीच नाही. कस्तूरीला वाटलं, वैनीला कामाचा ताण आलाय. तिनं आपणहून वैनीच्या डोक्याला तेल लावून दिलं. तेल चोळून घेताना वनजाक्षीला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

अकराव्या दिवशी रविवार होता. अवरेकाळूचा, म्हणजे पावट्याचा, हंगाम. गुरुराजनं पहाटे बाजारात जाऊन पाच किलो शेंगा आणल्या होत्या आणि आणून टाकून तो फिरायला गेला होता. नणंद-भावजय जमिनीवर वर्तमानपत्र पसरून शेंगा सोलत बसल्या. कस्तूरी सांगत होती, सहाशे वीस झाली, आज संध्याकाळी पुढची. वनजाक्षीनं ठरवलं, आता नाही तर कधीच नाही. कार्ड कायमचं पुसायचा अधिकार लोकेशकडे होता, पण फळ्यावरून काढून टाकणं तिला जमत होतं. "लोकेशचा निरोप आला वाटतं," असं पुटपुटत तिनं फोन घेतला, कार्ड उघडलं आणि ‘काढा’वर बोट ठेवलं. कार्ड गेलं. तिचा जीव भांड्यात पडला.

आणि समोर, शेंगांच्या ढिगाशेजारी, कस्तूरीचा फोन वाजला.

आपला नियम वनजाक्षीला त्या क्षणी आठवला. तिनं भांडून करून घेतलेला नियम.

"आलाच बघा मलाबी लोकेश सरांचा," म्हणत कस्तूरीनं पदराला हात पुसले, चष्मा लावला. वनजाक्षी म्हणाली, "अगं राहू दे, नंतर बघ," पण तोवर तिनं निरोप उघडला होता. कस्तूरी वाचत होती. ती सावकाश वाचायची, ओठ हलवत. ओठ एका जागी थांबले. मग तिनं पुन्हा पहिल्यापासून वाचलं. तारीख बघितली. निरोपाखालीच आलेल्या त्या आवाजाच्या पट्टीवर तिचं बोट पडलं ते मुद्दाम की चुकून, हे वनजाक्षीला पुढं कधीच विचारता आलं नाही.

फोनचा आवाज मोठा होता. आधी नळाचं पाणी. त्याच्या मागं, लांबून, कुणीतरी हुंदके देतंय. आणि अगदी जवळून वनजाक्षीचा स्वतःचा आवाज, कुजबुजता, भराभरा: "…जुनी साडी द्यायला लावा. ती साडी कपाळाला लावून घेते असं दाखवा. छान आहे हे. साडीचा रंग विचारायचा."

पट्टी संपली. शेवटची दोन वाक्यं लिहिताना ॲपकडून सुटली होती, पण आवाजात ती तशीच राहिली होती.

कस्तूरीनं फोन उलटा ठेवला. एक शेंग उचलली, सोलली, दाणे पातेल्यात टाकले. मग म्हणाली, "रंग विचारला होता तुम्ही."

वनजाक्षी खाली पडलेली टरफलं गोळा करायला लागली.

"पाणी दिलंत, जवळ बसलात, आणि विचारलंत, कुठल्या रंगाची होती गं. मी म्हटलं, आंबा रंगाची, हिरव्या काठाची." कस्तूरीचा सूर अगदी साधा होता. "मला वाटलं, किती मन लावून ऐकतात वैनी. रंगसुद्धा विचारतात. त्या रात्री मला बारा वर्षांत पहिल्यांदा झोप लागली म्हणा की."

"कस्तूरी, चुकलं माझं. फार चुकलं."

"कुठं काय केलंय तुम्ही? वापरलं तर न्हाईच. लिहूनच ठेवलंय न्हव नुसतं." ती ढीग आपल्याकडे ओढत म्हणाली, "तुम्ही उठा. पाय आखडतील. उरलेल्या मी सोलते."

तिनं दोन शिव्या दिल्या असत्या तर वनजाक्षीनं त्या प्रसादासारख्या घेतल्या असत्या. पण कस्तूरी भांडली नाही. तिनं उसळ केली, वाढली, मीठ बरोबर झालंय का विचारलं. दुपारी कॉफीही आणून दिली, फक्त आपला पेला घेऊन ती खिडकीशी बसली. वनजाक्षी तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. "बोल की काहीतरी. काय वाटेल ते बोल."

"सांगण्यासारखं काही न्हाई, वैनी," कस्तूरी म्हणाली, आणि तिची नजर वनजाक्षीच्या हातातल्या फोनवर जाऊन आली.

वनजाक्षी मेल्याहून मेल्यासारखी झाली. हे माणूस आता आपल्याला पुन्हा कधी काही सांगेल का, एवढा एकच प्रश्न तिच्यापुढं उरला होता, आणि त्याच्यापुढं मालिका, नाव, सहा वर्षं, सगळं कस्पटासमान वाटत होतं. तिनं कानाला खडा लावला. यापुढं कुणाच्या तोंडचं काही टिपायचं नाही. सुचलं तर स्वतःचं, नाहीतर नाही. फोन तिनं कपाटात साड्यांखाली ठेवून दिला आणि सोमवार सकाळपर्यंत काढला नाही.

सोमवारी दोघी एकाच रिक्षानं ऑफिसात गेल्या. कस्तूरी वाटेत बोलली ती मेट्रोच्या खोदकामाबद्दल आणि धुळीबद्दल. बैठकीच्या खोलीत भिंतीवरच्या पडद्यावर फळा उघडलेला होता, आणि पहिल्या रकान्यात अगदी वर सहाशे बेचाळिसावं कार्ड होतं. लोकेशनं ते परत आणलं होतं.

"वनजाक्का, तुम्ही म्हाताऱ्या झालात का?" त्यानं आल्या आल्या सुरुवात केली. "हे कार्ड काढून टाकता? आठ महिने असलं सोनं खाली पडलंय आणि मला पत्ता नाही! आपल्या धारवाडच्या सासूची ही जुनी हकिगत करू या. म्हणून ती अशी कडक झाली. सगळ्यांनी फळा उघडा, सुचेल ते या कार्डाखालीच लिहीत चला."

सगळ्यांनी फोन काढले. वनजाक्षीलाही काढावा लागला. लोकेशनं कार्ड मोठ्यानं वाचून दाखवलं. कस्तूरी वनजाक्षीच्या शेजारच्याच खुर्चीत, वही मांडीवर, हात वहीवर.

"मला नाही पटत," स्फूर्ती म्हणाली. "साडी घेते इथवर ठीक. पण कपाळाला लावते? इतकी शेळपट बाई कोण बघणार, सर? मी असते तर तिथंच तोंडावर फेकली असती. नाहीतर मंगळसूत्र बाहेर काढून दाखवलं असतं. टाळ्या पडतील!"

कुणीतरी हसलं. कुणीतरी म्हणालं, "बरोबर आहे, फारच गरीब गाय वाटते."

"म्हणूनच काढलं होतं मी," वनजाक्षी घाईनं म्हणाली. "नको ते. सोडून द्या."

"पण का नको, अक्का?"

का नको? खरं सांगायचं म्हटलं तर या दहा माणसांत कस्तूरी उघडी पडणार, आणि तीही पुन्हा हिच्याच हातून. माफी मागायचीसुद्धा सोय उरली नव्हती. "जुनं वाटतं," ती कशीबशी म्हणाली.

"जुनंच तर चालतं! कस्तूरीअम्मा, तुम्ही सांगा. तुमच्याकडची बाई काय करील? फेकेल की घेईल?"

वनजाक्षीनं डोळे मिटून घेतले.

"घेईल," कस्तूरी म्हणाली. "आणि शेळपट न्हवं ती."

कस्तूरी स्फूर्तीकडे बघत होती, रागानं नाही, एखाद्या पोरीला भाकरी थापायला शिकवताना बघावं तशी. "ती साहेबाची बायको इस्त्री करून साडी घेऊन आली होती. प्रेमानं आणली होती की. तिचं काय चुकलं सांग बघू? हिनं मंगळसूत्र काढून दाखवलं असतं, तर लाज कुणाला वाटली असती? नवरा तर तिथं न्हवताच. त्या बाईला. आपण घरच्या लक्ष्मीला उष्टी काढायला लावली, तिला जुनेर दिलं, म्हणून ती बिचारी दारातच अर्धमेली झाली असती. काही वाईट न करता. दारात आलेल्या माणसाला असं लाजवायचं का? म्हणून हिनं घेतली. आणि घ्यायचीच तर नीट घ्यावी, म्हणून कपाळाला लावली."

लोकेश हळूच म्हणाला, "अम्मा… हेच. हेच पाहिजे होतं."

वनजाक्षीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मे महिन्यात कस्तूरीनं स्वतःलाच विचारलं होतं, कपाळाला का लावली. त्याचं उत्तर तिनं कधीतरी एकटीनंच शोधून काढलं होतं. आठ महिने एका घरात, एका सोफ्यावर बसूनही वनजाक्षीला ते ठाऊक नव्हतं. तिनं साडीचा रंग विचारला होता. तुला काय वाटलं गं, हे विचारलं नव्हतं. आता घरी जाऊन हिचे पाय धरायचे, असं तिनं मनाशी पक्कं केलं आणि डोळे पुसायला हात वर घेतला.

हात मोकळा नव्हता. हातात फोन होता आणि फोनवर कार्ड उघडं होतं. कार्डाखाली तिच्याच अंगठ्यानं आताच लिहिलेली ओळ होती: ‘खरं सांगितलं तर देणारीलाच लाज वाटेल, म्हणून ती साडी घेते असं दाखवा. कपाळाला लावतानाचा चेहरा जवळून घ्या.’

तिनं शेजारी बघितलं. कस्तूरी चष्म्यावरून त्या ओळीकडेच बघत होती. तिनं ती ओठ हलवत शेवटपर्यंत वाचली. वनजाक्षीनं फोन पालथा घालायला हात हलवला, पण कस्तूरीनं दोन बोटांनी तो होता तसाच धरून ठेवला.

"पुढं सांगू का, सर?" तिनं विचारलं.

"सांगा, सांगा, अम्मा!"

कस्तूरी पुढं सांगायला लागली. पण आता सावकाश. दोन-चार शब्द बोलायची आणि थांबायची. वनजाक्षीच्या अंगठ्याकडे बघायची. तो मागं पडला असेल तर तेच शब्द पुन्हा सांगायची, आणि त्यानं गाठलं की मगच पुढं जायची. वनजाक्षीनं मान वर न करता सगळं उतरवून घेतलं.